तपासलेला पेपर रद्दीत घालू नका

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर हातात मिळाले त्या दिवशी भाची शाळेतून थेट माझ्या दुकानात आली आणि काही न बोलता स्टुलावर बसून राहिली. कराडात माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, आणि ते दिवस म्हणजे उसाला पाणी द्यायचे, जळालेल्या मोटरींची रांग लागलेली, मला मान वर करायला फुरसत नव्हती. तासाभराने चहा आला तेव्हा म्हटलं काय झालं पोरी, तर तिने दप्तरातून भूमितीचा पेपर काढून टेबलावर ठेवला. ४० पैकी १६. बीजगणितात २३ होते. म्हणजे गणिताचे लेखी ८० पैकी ३९, आणि दहावीची बोर्डाची परीक्षा जेमतेम महिन्यावर.

ताईचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला आहे, तिथून रोज ये-जा जमत नाही म्हणून भाची आठवीपासून आमच्याकडेच. त्यामुळे तिचा अभ्यास मी डोळ्यांनी बघत होतो. पोरगी अजिबात टाळाटाळ करणारी नाही, पहाटे माझ्या आईबरोबर उठून वाचत बसायची, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत वही पुढ्यात. मग हे १६ आले कुठून, हेच मला कळेना. ती म्हणाली, "मामा, मला सगळं येत होतं रे, खरंच येत होतं." पोरं असं म्हणतातच म्हणून मी ते सोडून दिलं असतं, पण तिचा चेहरा बघून मला वाटलं की ही खोटं बोलत नाहीये, तर मग बघूया की नेमकं काय झालंय.

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही दोघं तो पेपर घेऊन बसलो. माझं शिक्षण आयटीआय, भूमिती विसरून वीस वर्षं झाली, पण जळालेली मोटर आली की ती नेमकी कशाने जळली हे आधी शोधायचं एवढं मला कळतं. बेअरिंग जाम होतं का, एक फेज गेलेला का, का वाइंडिंगमध्ये ओल गेली. कारण न बघता नुसती मोटर भरून दिली तर ती पंधरा दिवसांत परत येते. तर पेपरलाही तेच लावलं. गेलेल्या २४ मार्कांपैकी प्रत्येक मार्क कशाने गेला ते समोर लिहायचं ठरवलं. उत्तर येतच नव्हतं म्हणून गेला, का येत असून गेला.

पाऊण तास लागला. येतच नव्हतं म्हणून गेलेले मार्क निघाले ७. बाकीचे १७ मार्क तिला येत असलेल्या गणितांचे होते.

ते १७ कसे गेले ते सांगतो, कारण हे जवळजवळ प्रत्येक पोराच्या पेपरात सापडेल. स्पर्शिकेची रचना तिने अगदी बरोबर काढली होती आणि मग पेपर स्वच्छ दिसावा म्हणून कंपासचे सगळे चाप रबराने पुसून टाकले होते. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. चाप नाहीत म्हणजे ती रचना अंदाजाने काढली की कशी हे तपासणाऱ्याला कळणार कसं. प्रमेयाची सिद्धता पाठ होती, धडाधडा लिहिली होती, पण आकृतीच काढली नव्हती, आणि सिद्धतेला आकृती आवश्यक आहे हेही त्याच सूचनांत छापलेलं. महत्त्वमापनाच्या एका गणितात पायची किंमत ३.१४ घ्या असं दिलेलं, हिने सवयीने २२/७ घेतली. पहिल्या प्रश्नात बहुपर्यायीचं एक उत्तर आधी चूक लिहून मग खोडून बरोबर केलं होतं, आणि बहुपर्यायीत फक्त पहिल्या प्रयत्नाचे मार्क मिळतात, हीसुद्धा छापील सूचनाच. दुसऱ्या प्रश्नात पाचपैकी कोणतेही चार सोडवायचे तर हिने पाचही सोडवले. आणि या सगळ्यात सर्वात मोठं म्हणजे चौथ्या प्रश्नातलं एक चार मार्कांचं गणित आणि अख्खा पाचवा प्रश्न, असे ७ मार्क नुसते वेळ संपला म्हणून गेले. चौथ्यातल्या पहिल्या गणितावर ती पस्तीस मिनिटं अडकून बसली होती आणि शेवटी तेही सुटलं नाही.

मी विचारलं घरी असं घड्याळ लावून अख्खा पेपर कधी सोडवलायस का, तर म्हणाली नाही, घरी गणितं बघायची, उत्तर कसं काढलंय ते समजून घ्यायची, समजलं की पुढचं. क्लासला टेस्ट व्हायच्या, दर रविवारी, पण तिथे तपासलेले पेपर परतच देत नव्हते! नुसती मार्कांची यादी पालकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकायचे, पहिला कोण, दुसरा कोण. याचा मला फार राग आला आणि अजूनही येतो. परीक्षा घेऊन पेपर दाखवायचा नाही म्हणजे डॉक्टरने तपासायचं आणि आजार काय ते सांगायचं नाही. फी भरणाऱ्या प्रत्येक आईबापाने क्लासमध्ये जाऊन आधी हे विचारावं, की पेपर परत देता का, आणि देत नसतील तर भांडावं.

दुसरी गोष्ट कळली ती विज्ञानात, आणि ती माझ्याच दुकानात. भाग १ मध्ये विद्युतधारेचे परिणाम असा धडा आहे, त्यात विद्युत चलित्र, म्हणजे आपली मोटर. मला वाटलं हा धडा तर आपल्या घरचाच. मी मिक्सरची एक मोटर खोलली, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, हातात दिलं, कॉम्युटेटरच्या, म्हणजे पुस्तकातल्या कडीच्या, तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, त्यांना टेकणारे, घासून बारीक झालेले कार्बन, म्हणजे ब्रश दाखवले. पुस्तकातल्या आकृतीत एकच वेटोळं असतं आणि कडीचे दोनच अर्धे भाग, इथे वेटोळी भरपूर आणि पट्ट्याही भरपूर, पण काम तेच. अर्धा फेरा झाला की कार्बनखालची पट्टी बदलते, वेटोळ्यातला करंट उलटा होतो आणि म्हणून मोटर मागे न येता त्याच दिशेने फिरत राहते. पोरीचे डोळे चमकले. मलाच उलटं समजावून सांगितलं, डावा हात धरून, तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. मी खूश झालो, म्हटलं हा धडा झाला पक्का.

चार दिवसांनी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं विद्युत चलित्राची रचना आणि कार्य आकृतीसह लिही, पाच मार्क, पंधरा मिनिटं. तिने आकृती काढली ती चुंबकांचे ध्रुव न लिहिता, बाण एकाच बाजूला, ब्रशला नाव नाही. कार्य लिहिताना तीन ओळींनंतर अडली. डोक्यात होतं, हातात मोटर दिली असती तर परत सांगितलं असतं, पण कागदावर कुठलं वाक्य आधी आणि कुठलं नंतर हेच जुळेना. तिला वाईट वाटू नये म्हणून मीही माझा एक कागद घेतला आणि तेच उत्तर लिहायला बसलो. पंधरा वर्षं मोटरी भरतोय मी, आणि पंधरा मिनिटांत माझंही उत्तर धड झालं नाही. तेव्हा मला पटलं की समजणं हे एक काम आहे आणि समजलेलं ठरलेल्या वेळात कागदावर उतरवणं हे दुसरं, आणि आपण पोरांकडून सराव फक्त पहिल्याचा करून घेतो.

नंतर नेटवर शोधताना अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग वाचनात आला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चारही बैठकांत नुसता वाचला, काहींनी पहिल्याच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणाऱ्यांना जास्त आठवत होतं. पण आठवड्याने विचारलं तेव्हा नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. भाचीला मी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली म्हणूनच मला येतंय असं वाटतं मामा, वाचून झाल्या झाल्या तर येतच असतं ना.

मग उरलेल्या महिन्यात आम्ही काय केलं. फार काही नवीन नाही, पण रोज केलं. सकाळी एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं, सूत्रं, व्याख्या, आकृत्या, मुद्दे. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं त्याच कागदावर भरायचं. लाल जेवढं झालं तेवढाच खरा अभ्यास बाकी. तोच धडा दोन दिवसांनी परत, मग आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, आणि दर वेळी लाल कमी होत जातं, ते बघून पोरीला जो धीर आला तो माझ्या कुठल्याही बोलण्याने आला नसता. आवर्ती वर्गीकरणाच्या धड्याचा पहिला कागद निम्मा लाल होता, चौथ्या वेळी दोनच ओळी.

आणि एक दिवसाआड सकाळी अकराला अख्खा पेपर. अकरालाच, कारण बोर्डाचा पेपर अकराला असतो, त्या वेळी डोकं चालायची सवय लागायला हवी. आई तिच्यासमोर बसायची, मोबाईल आईच्या ताब्यात, पाण्याला उठायचं नाही. भूमितीचा पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा, म्हणजे एका मार्काला तीन मिनिटं, एवढा हिशोब तिच्या डोक्यात पक्का बसवला. चार मार्कांच्या गणिताला बारा मिनिटं झाली आणि वाट सापडत नाही, तर तिथे एक चांदणी करायची, अर्धं पान सोडायचं आणि पुढे जायचं. हे ऐकायला सोपं आहे पण करायला फार जड जातं, तिला पहिले तीन पेपर जमलंच नाही, ती त्या गणितावरून उठायलाच तयार नसायची. चौथ्या पेपरला पहिल्यांदा सोडलं, पुढचं सगळं केलं, परत आली आणि ते गणित पाच मिनिटांत सुटलं.

पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची, ते २०२३ पासून बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. त्यामुळे आता वाचायचा वेळ आपणच काढायचा. आम्ही पहिली चार मिनिटं फक्त वाचायची ठरवली, कुठला पर्याय घ्यायचा ते मनाशी ठरवूनच पेन टेकवायचं. शेवटची दहा मिनिटं प्रश्नक्रमांक, उपप्रश्न, एककं आणि पायची किंमत बघायला. सेंटिमीटरचं उत्तर चौरस सेंटिमीटर लिहून पोरं अर्धा-अर्धा मार्क घालवतात, आणि असे अर्धे-अर्धे मिळून चार-पाच होतात.

पेपर झाला की जेवण आणि मग तपासणी, तीही तिनेच करायची, उत्तरं बघून. चुकलेलं प्रत्येक गणित एका वेगळ्या वहीत, शेजारी एका ओळीत कारण. त्या वहीतल्या ओळी मी इथे जशाच्या तशा देतो, तिला विचारून. "समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू उलट्या घेतल्या, नावं क्रमाने लिहायची." "वर्गसमीकरणात b ची किंमत ऋण होती, वजा वजा अधिक विसरले." "घाई नव्हती तरी घाई केली." ही शेवटची ओळ वहीत सहा वेळा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वही साठ पानांवर गेली आणि मग तिने नवीन गणितं करायचीच थांबवली, फक्त ती वही.

भाषेकडे आमचं थोडं दुर्लक्ष झालं हे मला मान्य आहे. मराठीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला चांगले मार्क असतात, पत्र, जाहिरात, बातमी वगैरे, ते तिने शेवटच्या आठवड्यात मांडणीपुरतं केलं. इतिहास आणि भूगोलात मात्र तोच कोऱ्या कागदाचा उपाय चालला, भूगोलात भारत आणि ब्राझीलच्या नकाशावर रोज पाच ठिकाणं भरायची आणि खाली सूची द्यायची, सूची विसरायची नाही.

झोपेवरून आमच्या घरात भांडण झालं. आई चारला उठवायची, तिच्या हिशोबाने पहाटेचं पाठांतर सर्वात चांगलं, आणि ते खरंही असेल, पण रात्री साडेअकराला झोपून चारला उठलेली पोरगी अकराच्या पेपरला जांभया देत होती. मी आईला म्हटलं, "आई, तुझं बरोबर आहे गं, पण मग तिला नऊला झोपू दे." शेवटी दहाला झोप आणि पाचला उठणं यावर मिटलं. परीक्षेच्या काळात सात तासांखाली झोप जाऊ द्यायची नाही यावर मी अडूनच बसलो आणि बरं केलं.

२१ फेब्रुवारीला मराठीचा पहिला पेपर. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तिला गाडीवर घेऊन केंद्रावर जाऊन आलो, कारण केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, गेट कुठलं, पाणी कुठे, वर्ग कुठल्या बाजूला हे एकदा बघितलं की अर्धी भीती जाते. हॉल तिकीट, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आहे ना बघून, पारदर्शक पाऊचमध्ये. दोन निळी पेनं आधी थोडी वापरलेली, कोरं पेन कधी अडेल सांगता येत नाही. साडेदहाला वर्गात बसायचं असतं म्हणून आम्ही पावणेदहालाच निघालो. आईने हातावर दही-साखर दिली. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात लिहायचा असतो, तो तिने घरी दहा वेळा लिहून बघितला होता, तेवढ्याने पहिली पाच मिनिटं हात थरथरला नाही असं तीच म्हणाली.

बीजगणिताचा पेपर सुटला तेव्हा ती रडतच बाहेर आली. गेटवर मैत्रिणी उत्तरं जुळवत होत्या आणि अंकगणिती श्रेढीच्या एका गणिताचं हिचं उत्तर कुणाशीच जुळेना. भूमितीला मध्ये एकच दिवस. मी तिला काही समजावलं नाही, गाडीवर बसवलं, घरी आणलं, जेवायला घातलं, आणि ती प्रश्नपत्रिका तिच्याकडून घेऊन दुकानात नेऊन ठेवली, म्हटलं १७ मार्चला शेवटचा पेपर होईपर्यंत ही तुला मिळणार नाही. दुपारी ती झोपली. संध्याकाळी चुकांची वही काढून बसली.

भूमितीच्या दिवशी बाहेर आल्यावर पहिलं वाक्य होतं, "मामा, चांदणी केली." चौथ्या प्रश्नात अडली होती, सोडून पुढे गेली, पाचवा प्रश्न पूर्ण केला, परत आली, तरी ते सुटलं नाही, पण जेवढं येत होतं तेवढ्या पायऱ्या लिहून आली, पायऱ्यांचेही मार्क असतात. चाप एकही पुसला नव्हता.

१३ मे ला दुपारी एकला निकाल लागला. नेट चालेना, ताईचा गावाकडून दर दोन मिनिटांनी फोन, भावजी मागे ओरडतायत लागला का, लागला का. गणितात १०० पैकी ८३, विज्ञानात ८८, एकूण ८६.२० टक्के. शाळेत पहिली वगैरे कुणी आलेलं नाही, पेढे मात्र मी गल्लीभर वाटले. आता तिला डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घ्यायचंय.

शेजारचा पोरगा यंदा दहावीत आहे. त्याच्या आईने परवा भाचीकडे ती चुकांची वही मागितली. भाची म्हणाली, "काकू, वही देते, पण त्यात माझ्या चुका आहेत, त्याच्या वेगळ्या असणार. त्याचे नववीचे पेपर आहेत का घरात?" काकूंनी माळा शोधला, पेपर रद्दीत गेलेले. मग पहिल्या घटक चाचणीचा तपासलेला पेपर मिळाला की तो घेऊन दुकानात ये असं त्याला सांगितलंय, आणि मी कोपऱ्यावरून एक दोनशे पानी वही आणून ठेवलीय.